खाणीतील कंप : ठाव आणि नाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले गुरुजी विज्ञान शिकवीत. परंतु त्यांच्याकडे शिकलेल्यांना विचारले तर ते भाषेचीच आठवण आधी सांगतात. प्रयोगाच्या वहीत 'काहीतरी फुटले' असे लिहिलेले त्यांना खपत नसे. काय फुटले, कशाने फुटले, तडकले की उडाले, हे लिहून आणा, असे म्हणून ते वही परत करीत. मी जन्मभर मराठीचे अध्यापन केले. भूविज्ञान हा माझा प्रांत नव्हे. तरीही आजच्या व्याख्यानासाठी मी कोळशाच्या भूमिगत खाणींत होणारे कंप आणि त्यांचा ठाव घेण्याचे शास्त्र हा विषय निवडला. या शास्त्रात एका शब्दावरून मोठा वाद झाला आणि त्या शब्दावर नऊ माणसांच्या मृत्यूची जबाबदारी ठरायची होती. भाषेच्या अभ्यासकाने तिकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे.

कोळशाशी आपल्या हैदराबादचे नाते जुने आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम किंग यांना १८७१ साली येल्लंदूजवळ कोळसा आढळला. १८८६ साली हैदराबाद (डेक्कन) कंपनी स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे सिंगरेणी कॉलरीज उभी राहिली. हाच कोळशाचा पट्टा गोदावरीच्या खोऱ्यातून वर प्राणहिता आणि वर्धेच्या खोऱ्यात बल्लारपूर, चंद्रपूर, वणीपर्यंत जातो. राज्यांच्या सीमा आपण आखल्या. कोळशाच्या थराला तेलंगण कोठे संपले आणि विदर्भ कोठे लागला याचा पत्ता नाही. आपल्यापैकी कित्येकांचे नातलग त्या टोकाच्या खाणींत कामाला आहेत, किंवा होते.

यंत्रे येण्यापूर्वी खाणीचा कान हा माणसाचाच कान होता. खाणकामगार लांब सळई घेऊन छत ठोकून पाहतो. घट्ट खडक खणखणीत वाजतो. वर थर सुटलेला असेल तर आवाज पोकळ, बसका येतो. आपल्या घरांतल्या बायका बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून बघत, आणि तडा गेलेले असले की 'बद्द वाजतं' म्हणून परत ठेवीत. खाणीतली परीक्षा नेमकी तीच आहे, एवढाच फरक की येथे मडके डोक्यावर असते. लाकडी टेकूंवर जुन्या कामगारांचा लोभ होता, त्याचेही कारण हेच. लोखंडी टेकू न बोलता वाकतो. लाकूड मोडण्यापूर्वी करकरते आणि माणसाला पळायला क्षणभर सवड देते. झरियाच्या भागातील हिंदी वृत्तपत्रांत 'चाल धँसने से' मजूर दगावल्याची बातमी वाचली की मराठी माणसाला गिरगावातली चाळ आठवते. खाणीच्या बोलीत 'चाल' म्हणजे छत. एकाच्या डोक्यावरचे छप्पर आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचा डोंगर कानाला इतके सारखे वाटावेत, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो.

आता हे कंप होतात कशाने, ते पाहू. जमिनीखाली शंभर मीटरवर कोळशाचा थर असेल, तर त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे अडीचशे टन खडकाचा भार असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी थरात गल्ल्या काढतात आणि मध्ये कोळशाचेच खांब राखतात. समजा थराचा साठ टक्के भाग काढून नेला. भार नाहीसा होत नाही. तो उरलेल्या चाळीस टक्क्यांवर, म्हणजे अडीचपट होऊन येतो. पुढे मागे सरत सरत ते खांबही काढून घेतात. मागे उरते ती पोकळी, जिला खाणवाले 'गोफ' म्हणतात. गोफातले छत वेळच्या वेळी खाली आले तर ते उत्तम लक्षण समजायचे. धोका असतो तो न पडणाऱ्या छताचा. वर जाड, चिवट वालुकाश्म असला की तो दूरवर लोंबकळत राहतो, त्याचे ओझे पुढच्या खांबांवर चढत जाते, आणि एखाद्या घटकेला छत तुटते किंवा खांबच फुटून कोळसा बंदुकीच्या छर्ऱ्यांसारखा गल्लीत उडतो. दोन्ही वेळा जमीन हादरते. हादरा कधी केवळ यंत्रालाच कळेल असा असतो, कधी वरच्या गावातली भांडी वाजतात.

या हादऱ्यांची पद्धतशीर नोंद करण्याचा उद्योग प्रथम जर्मनीतील रूर खोऱ्यात झाला. बोखुम येथील खाणकाम विद्यालयाने १९०८ साली लुडगर मिंट्रोप यांच्याकरवी भूकंपमापन केंद्र उभारले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस वरच्या सायलेशियात, आजच्या पोलंडमध्ये, खाणींसाठी मापकांचे जाळे बसले. तेथील खाणी आजही या शास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहेत. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधील लेनर्ड ओबर्ट आणि त्यांचे सहकारी विल्बर ड्युव्हॉल यांची हकीकत अधिक गमतीची आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी खाणीच्या खांबांतून ध्वनी किती वेगाने जातो हे मोजण्याचा खटाटोप चालला होता. यंत्रात नको ते आवाज सारखे येऊ लागले. प्रथम तो यंत्राचा दोष वाटला. मागाहून ध्यानात आले की भाराखालचा खडक स्वतःच बारीक बारीक तडकतो आहे. जो आवाज गाळून टाकायचा, तोच ऐकण्याजोगा निघाला.

मापकाने हादरा टिपला, परंतु तो कोठे झाला? वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून आपण वीज किती दूर ते ताडतो. भूकंपशास्त्राचा पहिला धडा हाच आहे. हादऱ्यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी दाब देत, खेचत धावतात, कठीण खडकात सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर. दुय्यम लहरी आडव्या हेलकावत येतात, सुमारे साडेतीन किलोमीटरच्या वेगाने. दोहोंच्या आगमनात एका सेकंदाचे अंतर पडले तर हादरा सुमारे आठ किलोमीटरवर झाला असे समजावे. एका केंद्रावरून असे एक वर्तुळ मिळते. तीन केंद्रांची वर्तुळे जेथे छेदतात ते अपिकेंद्र. येथपर्यंत सारे शाळेच्या भूमितीत बसते.

अडचण खोलीची आहे. मापक वीस किलोमीटर दूर असेल, तर हादरा एक किलोमीटर खोल झाला काय किंवा पाच किलोमीटर खोल झाला काय, लहर पोचण्याच्या वेळेत अवघा एक दशांश सेकंदाचा फरक पडतो. खडकातील वेगाचा आपला अंदाज थोडा चुकला तरी तेवढा फरक पडतोच. दूर उभे राहून विहिरीचे पाणी किती खाली आहे ते सांगता येत नाही. काठावर जाऊन वाकावे लागते. कोळशाच्या खाणीत तर हाच प्रश्न जीवनमरणाचा असतो, कारण हादरा थराच्या पातळीवर, म्हणजे काही शे मीटरवर झाला तर तो खाणीचा, आणि कित्येक किलोमीटर खाली झाला तर तो पृथ्वीचा.

यावर उपाय म्हणजे मापके खाणीत नेणे. तेथे वेळ सहस्रांश सेकंदांत मोजतात. एका सहस्रांशात लहर साधारण चार मीटर जाते. पण येथेही कोळसा आपला स्वभाव सोडत नाही. खाणीच्या गल्ल्या एका सपाट थरात असतात. सगळी मापके त्याच पातळीवर बसवली तर हादरा छतात झाला की तळात, हे कळत नाही. म्हणून काही मापके वरून छिद्रे पाडून सोडावी लागतात. कोळशात लहर मंद चालते, भोवतीच्या वालुकाश्मात वेगाने. मध्ये गोफाची पोकळी आली की लहर वळसा घालून येते आणि स्थान भलतीकडे दाखवते. पोकळी रोज वाढते, म्हणजे कालचे गणित आज पुरत नाही. शिवाय खाणीत मिथेन वायू असतो, तेव्हा ठिणगी पडू न देणारीच उपकरणे आत न्यावी लागतात. या सर्वांवर जाणत्यांची एक युक्ती आहे. ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असा एखादा हादरा, बहुधा मुद्दाम उडवलेला सुरुंग, प्रमाण म्हणून धरायचा आणि बाकीच्यांची स्थाने त्याच्या तुलनेने काढायची. ही युक्ती लक्षात ठेवावी; पुढच्या कहाणीत ती फार कटू रूपाने येणार आहे.

६ ऑगस्ट २००७. अमेरिकेच्या युटा राज्यातील क्रँडल कॅन्यन खाण. पहाटे २ वाजून ४८ मिनिटांनी युटा विद्यापीठाच्या मापकांनी ३.९ महत्तेचा हादरा नोंदवला. त्या वेळी खाणीत सहा कामगार अडकले. खाणीच्या एका मालकाने वार्ताहरांपुढे ठासून सांगितले की हा भूकंप होता, नैसर्गिक भूकंप, आणि भूकंपाने खाण कोसळली. तो एक शब्द मान्य झाला असता तर प्रकरण तेथेच संपत होते. भूकंपाला कोणी नोटीस बजावीत नाही. आपणही एखादा पूल पडला की 'दैवी आपत्ती' म्हणून मोकळे होतोच.

विद्यापीठातील भूकंपशास्त्रज्ञ मात्र पहिल्या काही दिवसांतच वेगळे बोलू लागले. त्यांचा पुरावा इतका साधा आहे की नववीच्या विद्यार्थ्यालाही कळावा. नैसर्गिक भूकंपात भूभागाचे दोन तुकडे एका भेगेवर एकमेकांवरून घसरतात. त्यामुळे काही दिशांच्या केंद्रांवर जमिनीचा पहिला हेलकावा वर, म्हणजे उगमापासून दूर ढकललेला असतो, आणि उरलेल्या दिशांना खाली, उगमाकडे ओढलेला. आलेख चार पाकळ्यांत विभागल्यासारखा दिसतो. येथे जितक्या केंद्रांवर पहिली हालचाल स्पष्ट वाचता आली तितक्या सर्वांवर ती खालीच होती. चहूकडची जमीन एका ठिकाणाकडे ओढली गेली होती. जमीन असे वागते ती खाली पोकळी मिटते तेव्हा. बर्कले येथील विद्यापीठ आणि लिव्हरमोर प्रयोगशाळेतील संशोधकांनी पूर्ण लहरींचे विश्लेषण करून तेच सांगितले : हा प्रामुख्याने आत कोसळण्याचा प्रकार आहे. थोडा घसरणीचा अंशही त्यांना दिसला आणि तोही त्यांनी लपवला नाही. गंमत अशी की ही विश्लेषणपद्धती वाढली ती चोरून केलेले अणुस्फोट ओळखण्यासाठी. स्फोटात जमीन सर्वत्र बाहेर ढकलली जाते, कोसळण्यात सर्वत्र आत ओढली जाते. व्याकरण एकच, प्रत्यय उलटे.

राहिला प्रश्न जागेचा. १६ ऑगस्टला, अडकलेल्यांच्या दिशेने मलबा उपसत जाणाऱ्या पथकावर गल्लीची भिंत फुटून कोसळली. तीन जण मृत्यू पावले, त्यांत सरकारी खाण निरीक्षकही होता. सहा जखमी झाले. ६ तारखेच्या हादऱ्यापुढे हा फारच लहान होता. मात्र हा हादरा नेमका कोठे झाला हे ठाऊक होते, कारण माणसे तेथेच पडली होती. शास्त्रज्ञांनी त्यालाच प्रमाण मानून आधीच्या हादऱ्याचे स्थान पुन्हा काढले, आणि ते खाणीच्या कामाच्या क्षेत्रातच आले. सुरुंगाने मिळावयाचा तो प्रमाणबिंदू तीन जिवांच्या मोलाने मिळाला. महत्तेचा आकडा लहान असला तरी त्याखाली उभ्या असलेल्या माणसाला तो लहान नसतो, हेही येथेच कळते.

सरकारी खाण सुरक्षा खात्याचा चौकशी अहवाल जुलै २००८ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा की नैसर्गिक भूकंप झालाच नव्हता. दोन्ही अंगांचा कोळसा पूर्वीच काढून नेलेला होता. मध्ये राखलेल्या मोठ्या आधारभिंतींत शिरून, माथ्यावर सहाशे मीटरांहून अधिक डोंगर असताना, खांब काढण्याचे काम चालले होते. खांबांचा आराखडा त्या भाराला पुरणारा नव्हता. एक खांब गेला, त्याचा भार शेजाऱ्यावर, आणि काही सेकंदांत जवळजवळ अर्ध्या मैलापर्यंतचे खांब फुटत गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच खाणीच्या उत्तरेकडच्या भागात मोठा स्फोट झाला होता, तेथले काम सोडून दक्षिणेकडे तसेच काम सुरू केले गेले, आणि मार्चमधल्या घटनेची वर्दी नियमाप्रमाणे तात्काळ दिली गेली नव्हती. दंड झाले, २०१२ मध्ये कंपनीने न्यायालयात सुरक्षा नियमभंगाच्या दोन गुन्ह्यांची कबुली दिली. त्या सहा जणांचे देह मात्र आजतागायत डोंगरातच आहेत.

त्या दिवसांत वरून छिद्रे पाडून आत कान लावण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकन खाणकामगाराला यासाठी एक सांकेतिक भाषा शिकवतात, आणि ती मला कोणत्याही व्याकरणापेक्षा नेटकी वाटते. अडकलात तर वरून तीन बार होईपर्यंत थांबा. तीन बार ऐकलेत की छताच्या खिळ्यावर दहा वेळा जोराने ठोका. मग पंधरा मिनिटे विसावा घ्या आणि पुन्हा ठोका. वरून पाच बार झाले तर त्याचा अर्थ : तुमचा ठाव लागला आहे, मदत येत आहे. वर जमिनीवर मापके मांडून, आपली यंत्रे बंद करून माणसे ते दहा ठोके ऐकायला बसतात. क्रँडल कॅन्यनमध्ये त्या सहांचा ठाव कधीच लागला नाही.

नावाचा असाच एक प्रश्न आपल्या अंगणातही उभा राहिला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला तेव्हा धरणाच्या जलाशयाचा त्याच्याशी संबंध आहे काय यावर दीर्घ काळ वाद चालला. येथल्या, आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने त्या भागाचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला, आणि जलाशयाने चेतवलेल्या भूकंपांचे जगभर दिले जाणारे उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आज घेतात. मात्र कोयना आणि क्रँडल कॅन्यन यांना एका मापाने मोजू नये. कोयनेत ताण पृथ्वीचाच होता, पाण्याने त्याला निमित्त दिले. क्रँडल कॅन्यनमध्ये ऊर्जा, पोकळी आणि खांब, सारे खाणीचेच. आणि १९९३ साली किल्लारीला, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे जे झाले, ज्याचा हादरा या शहरातही अनेकांना जागे करून गेला, त्याला भूकंप म्हणण्याविषयी कोणाचे दुमत नव्हते. 'निमित्त' आणि 'कारण' हे दोन शब्द आपल्या तत्त्वज्ञांनी वेगळे राखले, ते उगाच नव्हे.

आपल्या देशात खाणीतील कंपांचा अभ्यास प्रथम रुजला तो कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जेथे खोल खडकांचे स्फोट ही नित्याची भीती होती. १९८८ साली तेथेच राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था स्थापन झाली. कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्या, पण तेथला कान कोळशाच्या कामी आला. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशात शहडोलकडच्या राजेंद्र भूमिगत खाणीत सूक्ष्मकंपांची मापके बसवून, छत पडण्याआधी आवाजांची संख्या कशी चढत जाते याच्या नोंदी घेतल्या. अशा नोंदींतून पडझडीची चाहूल लागू शकते. चाहूल म्हणजे भविष्य नव्हे. आवाज वाढूनही छत तसेच राहते, आणि कधी फारसे न बोलता खाली येते. उंबरठा खाली ठेवला तर काम रोज थांबते आणि इशाऱ्याला कोणी जुमानत नाही. वर ठेवला तर एक दिवस उशीर होतो. तो कोठे ठेवायचा हे यंत्र सांगत नाही. ते खाणीच्या व्यवस्थापकाने ठरवायचे असते, आणि त्याच्या मागे उत्पादनाचा आकडा उभा असतो. आपल्याच राज्यात, रामगुंडम भागातील अड्रियाला खाणीत मार्च २०२२ मध्ये छत कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. तेव्हा हा विषय परदेशातला म्हणून दूर सारता येण्याजोगा नाही.

शेवटी माझ्या प्रांतातील एक विनंती. मराठी वृत्तपत्रांत वणी-चंद्रपूरकडे जमीन हादरल्याची बातमी आली की सरसकट 'भूकंपाचा धक्का' असे छापतात. हादऱ्याचा उगम ठरेपर्यंत 'हादरा' किंवा 'कंप' म्हणावे. तो खाणकामामुळे झाला असे ठरल्यास 'खाणकंप' म्हणावे. छत पडले तर 'कोसळ', खांब किंवा भिंत उडाली तर 'शिलास्फोट'. हे शब्द बोजड वाटले तर खाणीत काम करणाऱ्यांकडून दुसरे मागून घ्यावेत. त्यांच्याजवळ ते नक्की असतील. येथल्या शिक्षकांनी मनावर घेतल्यास चंद्रपूर, बल्लारपूर, गोदावरीखणी आणि कोत्तगुडेम येथल्या माजी विद्यार्थ्यांना पत्रे पाठवून अशा शब्दांची एक वही तयार करता येईल. ती वही तपासायला मी आनंदाने येईन.